वानरांचा आहार आणि वानरांची वाट

विषयप्रवेश

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील शाळांना भेटी देत असता शिक्षकबंधुभगिनींकडून एक तक्रार वारंवार कानी येते. माकडे कौलांवर उड्या मारतात, पोषण आहाराच्या वेळी नेमकी हजर होतात आणि परसबागेतील वाफे उपटून टाकतात. पालकांची तक्रार याहून गंभीर असते. भेंडीचा किंवा काकडीचा मळा ऐन तोडणीच्या दिवसांत एका सकाळी लुटला गेला, तर त्या कुटुंबाचा हंगामाचा सारा हिशेब कोलमडतो. मग राखणीसाठी घरातील एखादे मूल शेतावर बसविले जाते, आणि ते मूल आपल्याच पटावरचे असते. तेव्हा हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा किंवा वन विभागाचा नाही. तो आपल्या हजेरीपत्रकापर्यंत येऊन पोचलेला आहे.

या बाबतीत आपले वर्तन मोठे विसंगत असते. शनिवारी मारुतीचे रूप म्हणून आपण वानराला केळे देतो आणि सोमवारी त्याच्यामागे गोफण घेऊन धावतो. दोन्ही वेळी एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो : हा प्राणी आज येथे का आला? काल तो कोठे होता व उद्या कोठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी त्याच्या पोटात व रानातील अन्नाच्या मांडणीत आहे. माकडे, वानरे, वानरसदृश मोठे कपी व स्वतः मनुष्य यांचा मिळून जो नरवानर गण होतो, त्यातील अनेक जातींच्या भ्रमणाचा शास्त्रज्ञांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ अभ्यास केला आहे. त्या अभ्यासातील मुख्य सूत्र चौथी-पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यासाच्या तासाला सहज उमगेल असे आहे. ते सूत्र व त्यावर आधारलेला पाठ या लेखात दिला आहे.

दोन जाती, दोन पोटे

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. बोलताना आपण वानर व माकड हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. परंतु आपल्या भागातील हे दोन प्राणी निरनिराळे आहेत. काळ्या तोंडाचे, राखी अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर होय. भुऱ्या अंगाचे, तांबूस तोंडाचे, डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी बसवावी तसे केस असलेले ते माकड. शास्त्रीय पुस्तकांत यास बॉनेट मकाक असे म्हणतात. ही माकडाची जात केवळ भारताच्या द्वीपकल्पात आढळते. जगात अन्यत्र ती नाही. माळशेज घाटात वाहनांभोवती जमा होतात ती हीच माकडे.

या दोघांत रूपापेक्षाही महत्त्वाचा भेद पोटाचा आहे. वानराच्या जठरात अनेक कप्पे असतात. त्यांत सूक्ष्म जीवाणूंच्या साहाय्याने पाला आंबतो व त्यातील पोषक अंश सुटा होतो. वानर गाईसारखे रवंथ करीत नाही; पण पाला पचविण्याची त्याची युक्ती गाईच्या जवळची आहे. कोवळी पाने, कळ्या, फुले, शेंगा, बिया व फळे हे सारे वानर खाते. मात्र यांतील काही न मिळाल्यास जून पानांवरही तो दिवस काढू शकतो. माकडाचे जठर साधे, आपल्यासारखे असते. त्याला फळे, बिया, कीटक, कोंब असे अधिक सत्त्वाचे अन्न लागते. त्याच्या गालांच्या आत दोन पिशव्या असतात. अन्न दिसताच ते घाईघाईने गालांत भरावयाचे आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खावयाचे, ही त्याची रीत. वानराला अशा पिशव्या नसतात. आकाराचाही भेद आहेच : वानराचा प्रौढ नर पंधरा ते अठरा किलोपर्यंत भरतो, माकडाचा नर सहा ते नऊ किलोचा असतो.

आता असे पाहा. पाल्यात सत्त्व कमी, पण पाला सर्वत्र. म्हणून वानर सकाळी खातो, दुपारी झाडावर स्वस्थ बसून पचवितो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा खातो. त्याची दिवसभराची चाल पुष्कळदा एक-दोन किलोमीटरपेक्षा अधिक होत नाही. फळात सत्त्व अधिक, पण फळ सर्वत्र नाही व सदैव नाही. म्हणून माकड अधिक चंचल, अधिक शोधक व अधिक धीट असते. ज्याला आपण माकडाचा खोडकर स्वभाव म्हणतो, त्यातील बराचसा भाग त्याच्या पोटाची निकड असते.

कोणते, कोठे आणि केव्हा

कोणत्याही प्राण्याच्या अन्नाविषयी तीन प्रश्न विचारता येतात. अन्न कोणते आहे? ते कोठे आहे : सर्वत्र सारखे पसरलेले की थोड्या ठिकाणी ढिगाने? आणि ते केव्हा आहे : बारमाही की ठराविक दिवसांपुरते? या तिन्हींची उत्तरे एकत्र केली की प्राण्याच्या भ्रमणाचा नकाशा बराचसा डोळ्यांसमोर उभा राहतो.

आपल्याच गावातील दाखला घ्यावा. भारा कापावयास निघालेला मनुष्य पावसाळ्यानंतर दूर जात नाही. गवत बांधाबांधावर आहे. मोहाची फुले वेचणारी बाई मात्र पहाटे उठून ठराविक झाडांखाली जाते, कारण मोहाची झाडे मोजकी आहेत आणि फुले रात्री गळून पहाटे वेचावयाची असतात. मधासाठी निघालेला मनुष्य त्याहून दूरच्या कड्यांपर्यंत जातो आणि बहुधा एकटा किंवा दोघे-तिघे मिळून जातो. गवत, मोह आणि मध या तीन वस्तूंच्या मांडणीप्रमाणे माणसाची चाल, वेळ व सोबत बदलते. नरवानर गणातील प्राण्यांचे नेमके असेच आहे.

अन्नाच्या मांडणीचा परिणाम टोळीच्या आकारावरही होतो. फळांनी लगडलेल्या वडावर तीस माकडे एकत्र बसून जेवतील. करवंदीच्या एका जाळीवर तीन-चारांहून अधिकांचे भागत नाही. तेथे टोळी पांगते, आणि न पांगल्यास भांडण जुंपते. सुमात्रा व बोर्निओ येथील रानांत पिकलेली फळे विरळ व लांब लांब असतात. तेथील ओरांगउटान हा भल्या मोठ्या देहाचा कपी बहुतेक आयुष्य एकट्याने किंवा मादी असेल तर केवळ पिलासह काढतो. एका झाडावर दोघांचे पोट भरत नसेल, तर सोबत परवडत नाही.

अर्थात अन्न हे एकच कारण नव्हे. उन्हाळ्यात पाणी, रात्रीच्या निवाऱ्यास उंच झाडे, बिबट्याचे भय आणि शेजारच्या टोळीचा शिरकाव यांचाही वाटा असतो. १९६१ ते १९६३ या काळात जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. प्रत्येक टोळी आपापल्या ठराविक टापूत वावरते, आणि टोळीतील नर बदलला की तिच्या जीवनात मोठी उलथापालथ होते, हे त्यांच्या निरीक्षणातून दिसले. तथापि टापू कोणता व त्यातील वाट कोणती हे पाहावयास लागलो की आपण पुन्हा अन्नापाशीच येतो.

एकाच बेटावरील दोन माकडे

या विषयातील एक प्रसिद्ध उदाहरण मध्य अमेरिकेतील आहे. पनामाचा कालवा १९१४ साली वाहतुकीस खुला झाला. त्यासाठी बांधलेल्या जलाशयात एक टेकडी पाण्याने वेढली जाऊन तिचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोरॅडो. या बेटावर हाउलर व स्पायडर या दोन जातींची माकडे राहतात. दोन्हींचे वजन सुमारे सहा ते आठ किलो; रान एक, हवा एक, झाडे तीच. अमेरिकेतील कॅथरिन मिल्टन या विदुषींनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा तुलनात्मक अभ्यास केला.

हाउलरच्या आहारात जवळजवळ अर्धा भाग पाल्याचा आढळला. स्पायडर माकडाच्या आहारात सुमारे ७२ टक्के फळे होती. हाउलरच्या पोटातून अन्न पुढे सरकण्यास सुमारे २० तास लागत, तर स्पायडरच्या पोटातून ते सुमारे ४ तासांतच बाहेर पडे. एकाने पाला दीर्घकाळ ठेवून त्यातील कण न् कण काढून घ्यावा, दुसऱ्याने फळातील साखर चटकन घेऊन पुढच्या झाडाकडे निघावे, असा हा प्रकार आहे. त्यामुळे स्पायडर माकडांना लागणारे क्षेत्र हाउलरच्या क्षेत्राच्या निदान २५ पट मोठे होते. मेंदूचे वजनही लक्षात घेण्यासारखे आहे : हाउलरचा मेंदू सुमारे ५० ग्रॅम, स्पायडरचा सुमारे १०७ ग्रॅम. मिल्टन यांनी यावरून असे अनुमान मांडले की, कोणते झाड कोठे आहे व ते केव्हा पिकते हे ध्यानात ठेवण्याची गरज मेंदूच्या वाढीस कारण झाली असावी. या अनुमानावर अद्याप चर्चा चालू आहे. परंतु आहार, पचन व भ्रमण यांचा परस्परसंबंध त्या बेटावर स्पष्ट दिसतो. आपल्याकडील वानर व माकड यांची जोडी वर्गात समजावून देताना हे उदाहरण फार उपयोगी पडेल.

आपल्या रानाचे पंचांग

माहुलीचा डोंगर, तानसा अभयारण्य, डोळखांबचा परिसर, इकडे टोकावडे, सिद्धगड व नाणेघाटाखालील रान हे सारे मुख्यतः पानझडीचे जंगल आहे. घाटमाथ्याकडे काही ठिकाणी झाडी अधिक सदाहरित होत जाते. पानझडीच्या रानात अन्नाची मांडणी दर दोन महिन्यांनी पालटते, म्हणून वानरांची वाटही पालटते.

आषाढापासून भाद्रपदापर्यंत रान हिरवेगार असते. पाला सर्वत्र व पाणीही सर्वत्र. वानर दूर जात नाही व गावातही फारसे उतरत नाही. कार्तिकात भात कापले जाते. मार्गशीर्ष-पौषात बोरे पिकतात, आणि त्याच सुमारास ओलीवर पेरलेला वाल, हरभरा व पाटाखालील किंवा विहिरीखालील भाजीपाला शेतात उभा असतो. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू होते. रानातील मोठा आधार त्या वेळी फुलांचा : काटेसावर, पांगारा, पळस, आणि पाठोपाठ मोह. चैत्रात कोवळी पालवी फुटते. वैशाख-ज्येष्ठात करवंदे, जांभळे व आंबे येतात. परंतु ओहोळ आटलेले असतात, आणि मग पाण्याची जागा हीच टोळीच्या दिवसाचे केंद्र बनते.

या सर्व चक्रात वड, पिंपळ, उंबर या वर्गातील झाडांचे स्थान विशेष आहे. आंब्याची साऱ्या रानातील झाडे जवळपास एकाच हंगामात फळतात. वड-उंबरांचे तसे नाही. एक उंबर आज पिकेल, तर पलीकडच्या ओढ्यावरचा उंबर दोन महिन्यांनी. याचे कारणही मनोरंजक आहे. उंबर फोडला की त्यात बारीक किडे निघतात हे मुलांना ठाऊक असते. त्यातील चिमुकली गांधीलमाशीच्या जातीची माशी ही उंबराच्या परागीभवनाचे काम करते. तिचे आयुष्य अल्प असते व तिला पुढील पिढीसाठी लागलीच दुसरे झाड फळावर आलेले हवे असते. सारे उंबर एकदमच फळले तर ती माशी नष्ट होईल. तेव्हा रानात कोठे ना कोठे एखादे उंबर किंवा वड नेहमी पिकलेले सापडते. दुष्काळी महिन्यांत पक्षी, खारी, वटवाघळे व माकडे या झाडांवर जगतात. ओढ्याकाठचा एक जुना उंबर तुटला म्हणजे एका टोळीच्या वाटेवरील एक मुक्काम पुसला जातो.

उलट सागाचीच सलग लागवड असेल, तर ते रान दुरून हिरवे दिसते. पण माकडाच्या दृष्टीने तेथे फळ जवळजवळ नाही. हिरवे रान व अन्नाचे रान यांतील हा भेद मुलांच्या लक्षात आणून द्यावा.

वाट आंधळी नसते

कोणास असे वाटेल की, माकडे वाटेल तशी भटकतात व सापडेल ते खातात. वस्तुतः असे नाही. युगांडातील किबाले अरण्यात मँगाबे जातीच्या माकडांचा अभ्यास कार्लीन यानमात व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. वडाच्या वर्गातील ज्या झाडावर पूर्वी फळे पाहिलेली असत, त्याकडे ही माकडे उबदार व उन्हाचे दिवस गेल्यावर अधिक वेळा परत जात; थंड व ढगाळ दिवस गेल्यास कमी. उन्हाने फळ लवकर पिकते, हे जणू त्यांच्या हिशेबात होते. झाडाची जागा, मागील भेटीतील फळांची स्थिती व मधल्या दिवसांतील हवा या तिन्हींची नोंद ती ठेवतात, असा याचा अर्थ होतो.

आपल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली वस्त्यांतील मुलांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. कोणता मोह आधी गळतो, कोणत्या जाळीची करवंदे गोड, हे त्यांना वर्षावर्षाच्या आठवणीने ठाऊक असते. जे मूल गणितात मागे म्हणून आपण नोंदवितो, ते कदाचित या विषयात वर्गाचा शिक्षक होऊ शकेल. या पाठात त्याला ती संधी अवश्य द्यावी.

मनुष्याने बदललेली मांडणी

आतापर्यंत रानातील अन्नाचा विचार झाला. आता आपण घातलेल्या अन्नाकडे पाहू. माळशेज घाटात पावसाळी सहलीला आलेले लोक माकडांपुढे केळी, बिस्किटे, भाजलेली कणसे टाकतात. शाळेत खिचडीचा उरलेला भाग रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी पडतो. आठवडे बाजार उठल्यावर नासकी फळे एकाच जागी साचतात. वरील तीन प्रश्न येथे लावून पाहावेत. अन्न कोणते? सत्त्वाचे व पचावयास सोपे. कोठे? एकाच जागी, ढिगाने. केव्हा? रोज, ठरलेल्या वेळी. रानातील कोणताही वड इतका उदार नसतो. अशा स्थितीत टोळीने रान सोडून रस्त्यावर मुक्काम केला, तर तिने आपल्या परीने बिनचूक हिशेब केला आहे.

जपानमधील कोशिमा या लहान बेटावर याचा अनुभव आलेला आहे. तेथील माकडांचा अभ्यास जवळून करता यावा म्हणून शास्त्रज्ञांनी १९५२ सालापासून किनाऱ्यावर रताळी टाकण्यास आरंभ केला. झाडीतील माकडे किनाऱ्यावर येऊ लागली. १९५३ साली इमो नावाच्या एका लहान मादीने वाळू लागलेले रताळे पाण्यात धुऊन खाल्ले. पुढे इतरांनीही तो प्रघात उचलला, आणि काही काळाने ती माकडे समुद्रात उतरू लागली. रताळ्यांची जागा बदलली, त्यासरशी माकडांची वाट, सवयी व शिक्षण सारेच बदलले. आपल्या देशात बांदीपूरच्या रस्त्यालगतच्या बॉनेट माकडांविषयी प्रा. अनिंद्य सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली असे नोंदविले की, काही माकडे विशिष्ट आवाज काढून व हात पुढे करून प्रवाशांकडे अन्न मागण्यास शिकली आहेत.

यात माकडाचे हित नाही. रस्त्यावर बसणारी पिले वाहनाखाली सापडतात. वानराला पीठ व साखर खावयास घातली तर त्याच्या जठरातील आंबण्याची क्रिया बिघडते. एका ढिगाभोवती सारी टोळी जमली की मारामारी वाढते. रानाचेही नुकसान होते, कारण माकडे फळांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. ती रस्त्यावरच बसून राहिली तर ते काम कोण करणार? मनुष्याचे नुकसान तर आपण पाहतोच. खाऊ हातात घेऊन चाललेले मूल हे माकडाला चालते फळझाड दिसू लागते.

गावकरी पुष्कळदा माकडे पकडून दूर नेऊन सोडण्याची मागणी करतात. त्यांचा त्रास खरा आहे. परंतु ज्या ढिगाने ती टोळी आली तो ढीग तसाच राहिला, तर मोकळ्या जागी शेजारची टोळी येते. सोडलेल्या टोळीला नव्या रानातील एकाही झाडाची आठवण नसते. ती जवळच्या दुसऱ्या गावात उतरते, आणि आपला प्रश्न त्या गावाच्या शाळेकडे जातो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लक्षात घेता फासे, विष वा अन्य उपाय कोणी आपल्या मनाने करू नयेत. वन विभागाच्या कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

पाठ कसा घ्यावा

साहित्य : १०० चिंचोके, चुन्याची भुकटी, पाटी. दहा मुलांनी वानर व्हावे. प्रत्येकासोबत एका मुलाने त्याची पावले मोजावीत. धावावयाचे नाही, चालावयाचे.

पहिला डाव : चिंचोके साऱ्या पटांगणात सारखे पसरावेत. प्रत्येकाने दहा वेचावेत. पावले नोंदवावीत. हा पाल्याचा डाव.

दुसरा डाव : तेच १०० चिंचोके चार ढीग करून दगडांआड, झाडांआड लपवावेत. जागा कोणास सांगू नये. पावले वाढतील, दोघे-तिघे पुष्कळ मिळवतील व काहींची ओंजळ रिकामी राहील. हा फळांचा डाव.

तिसरा डाव : दुसऱ्या दिवशी ढीग त्याच जागी ठेवावेत. पावले एकदम कमी होतील. का झाली, हे मुलांनीच सांगावे.

चौथा डाव : ८० चिंचोके शाळेच्या पायरीवर एका ढिगात ठेवावेत व २० पटांगणाच्या टोकांना पसरावेत. सारी मुले पायरीवर गर्दी करतील, ढकलाढकल होईल, आणि ते २० बहुधा तसेच राहतील. डाव येथे थांबवून विचारावे : "आपल्या गावात ही पायरी कोठे आहे?" मुले स्वतःच उत्तर देतील : "गुरुजी, खिचडीचा कोपरा", "बाजाराची जागा", "घाटातले वळण". हे उत्तर मुलांच्या तोंडून येणे हा या पाठाचा हेतू आहे.

यानंतर वर्षभर चालणारा तक्ता करावा. शाळेपासून जवळची दहा झाडे निवडावीत : मोह, उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, आंबा, काटेसावर, पळस, बोर, चिंच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक झाडापुढे पालवी, फूल, कच्चे फळ, पिकलेले फळ यांपैकी जे असेल त्याची खूण करावी. शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात वानर वा माकडे कोणत्या दिवशी, कोठे दिसली व काय खात होती हे लिहावे. निरीक्षण दुरून करावे. टोळीच्या जवळ जाऊ नये, पिलाकडे हात करू नये, डोळ्यांला डोळे भिडवून दात दाखवू नयेत. मोठ्या माणसांना विचारून पूर्वीच्या वर्षांची माहितीही मुलांनी आणावी.

शाळेने व गावाने करावयाच्या गोष्टी

पोषण आहाराचे उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. झाकणाच्या डब्यात साठवून खड्ड्यात मातीखाली पुरावे, म्हणजे परसबागेस खतही होईल. मुलांनी खाऊ पिशवीत झाकून न्यावा. माकडास खावयास देऊ नये, तसेच दगडही मारू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हळद-चुना लावून घरी बसू नये.

शेतकऱ्यांशी बोलताना मांडणीचाच विचार सांगावा. रानाच्या कडेला हळद, आले, मिरची यांसारखी माकडे सहसा टाळतात अशी पिके घ्यावीत व भाजीपाला घराच्या बाजूस ठेवावा. तोडणीस आलेले फळ वेलीवर राहू देऊ नये. ओढ्याकाठचे उंबर, वड व जांभूळ तोडू नयेत. वन महोत्सवात गावापासून दूर, रानाच्या अंगास अशी झाडे लावावीत. झाड फळावर येण्यास वर्षे लागतील, म्हणून हे काम आजच हाती घेतले पाहिजे. पिकाचे नुकसान झाल्यास विलंब न लावता वनरक्षकास कळवावे.

तक्त्याचा प्रत्यक्ष लाभ येथेच आहे. एक वर्षाच्या नोंदी हाती असल्या म्हणजे टोळी गावात कोणत्या पंधरवड्यात उतरते हे दिसू लागते. रान रिते असून मळा भरलेला असतो, असे पंधरवडे वर्षात थोडेच निघतील. तेवढ्या दिवसांची राखण चार-पाच कुटुंबांनी पाळीपाळीने मोठ्या माणसांकडून करवून घेण्याचे ठरविले, तर एकेका मुलाला दोन-दोन महिने मचाणावर बसविण्याचे कारण उरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत शिक्षकांनी हा तक्ता भिंतीवर लावून त्यावर चर्चा घडवून आणावी. मुलांनी केलेल्या नोंदींवरून पालकांनी निर्णय घेतला, असे उदाहरण गावात घडले तर परिसर अभ्यासाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सर्व शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे की, ज्या शाळा हा तक्ता करतील त्यांनी पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी केंद्राच्या शिक्षण परिषदेत सोबत आणाव्यात. डोळखांबचा मोह व धसईचा मोह एकाच आठवड्यात गळतो काय, आणि त्याबरोबर टोळ्यांची वाट कशी पालटते, हे निरनिराळ्या शाळांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले म्हणजे आपल्या सर्वांना पाहता येईल.